तळघरात धावलेली रेल्वे : जॉन ॲलन यांची गोष्ट

दिवाळी आठवड्यावर आली की बेळगावच्या गल्ल्यांमधून मुलांची एकच धांदल उडते. कुठून दगड आण, कुठून जुनी पोती आण, कुठून लाल माती आण. चार दिवसांत अंगणात राजगड उभा राहतो, नाहीतर प्रतापगड. मावळे बसतात, आळीव उगवतो. पण दरवर्षी एक गोष्ट हमखास होते. तटबंदीला नवा कोरा रंग लागला की किल्ला एकदम खोटा दिसायला लागतो. मग गल्लीतला एखादा जाणता दादा येतो, राख आणि कोळशाची पूड पाण्यात कालवतो, फडक्यानं भिंतीला फासतो. बघता बघता किल्ला साडेतीनशे वर्षांचा होऊन जातो.

या एवढ्याशा युक्तीवर एका माणसानं अख्खं आयुष्य काढलं. त्यांनी किल्ला नाही, रेल्वे केली. तीही स्वतःच्या घराच्या तळघरात. जॉन ॲलन हे त्यांचं नाव. आपल्याकडे हे नाव फारसं ऐकिवात नाही. पण लहान मापाच्या रेल्वे तयार करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींत ते अजून आदरानं घेतलं जातं. त्यांना जाऊन पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला, आणि त्यांची रेल्वे तर त्यांच्यामागे दहा दिवससुद्धा टिकली नाही. तरी नाव टिकलं. ते कसं, हीच या लेखाची गोष्ट.

पोरकं बालपण आणि दुबळं हृदय

जॉनचा जन्म २ जुलै १९१३ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या जॉपलिन गावचा. आईवडील लहानपणीच गेले आणि पोर नातेवाइकांकडे वाढला. त्यातच संधिवाताच्या तापानं गाठलं. हा ताप अंगातून जातो, पण पुष्कळदा हृदयावर खूण ठेवून जातो. जॉनच्या बाबतीत तेच झालं. धावपळीचं, अंगमेहनतीचं आयुष्य आपल्याला झेपणार नाही, हे त्याला तरुणपणीच कळून चुकलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात त्याच्या वयाची मुलं फौजेत गेली. दुबळ्या हृदयामुळे जॉन मागे राहिला. छायाचित्रण हा त्याचा धंदा होता आणि लॉस एंजेलिसमध्ये भागीदारीत फोटो स्टुडिओ होता. लढाईवर निघालेले सैनिक घरच्यांसाठी फोटो काढून घ्यायचे, त्यामुळे युद्धाच्या काळात स्टुडिओ चांगला चालला. आलेला पैसा ॲलन यांनी उडवला नाही. तो नीट गुंतवला. १९४६ मध्ये स्टुडिओतून अंग काढून घेतलं आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या माँटेरे या गावी ते राहायला गेले. तेव्हा वय होतं तेहेतीस.

तेहेतिसाव्या वर्षी निवृत्ती! ऐकायला श्रीमंती थाट वाटतो, पण तसं नव्हतं. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर बेतानं, साधेपणानं राहायचं आणि उरलेला सगळा वेळ रेल्वेला द्यायचा, असा तो हिशेब होता. लग्न केलं नाही. आपल्या हातात वेळ किती आहे, याचा भरवसा नसलेल्या माणसानं तो वेळ कशावर घालवायचा, हे ठरवून टाकलं होतं.

माँटेरे तेव्हा सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचं गाव होतं. गोव्याकडच्या वाचकांना किनाऱ्यावरच्या अशा गावाचा वास सांगायला नको! खारा वारा, गंजलेले पत्रे, ओलीनं काळ्या पडलेल्या लाकडी भिंती. नव्यातली नवी वस्तूही अशा ठिकाणी दोन पावसाळ्यांत म्हातारी दिसायला लागते.

नावातच हार

ॲलन यांनी आपल्या रेल्वेचं नाव ठेवलं 'गोर अँड डॅफेटिड'. कागदावर वाचलं तर दोन गावांची नावं वाटतात. आपल्याकडे लोंढा-वास्को म्हणावं तसं. पण मोठ्यानं उच्चारलं की इंग्रजीत त्याचा अर्थ होतो रक्तबंबाळ आणि पराभूत! एका स्टेशनचं नाव त्यांनी 'हेलनगॉन' ठेवलं होतं, म्हणजे पार नरकापलीकडचं, कुठल्या कुठे लांबवरचं गाव. दुसऱ्याचं नाव 'कोल्ड शोल्डर'. आलेल्याची कुणी विचारपूस करत नाही, अशा जागेला शोभणारं.

ही थट्टा तर होतीच, पण तिच्यामागे विचारही होता. त्या काळी घरोघरी असायच्या त्या खेळण्यातल्या रेल्वे चकचकीत होत्या. इंजिन लखलखीत, डबे नवे, स्टेशन आजच उद्घाटन झाल्यासारखं. ॲलन यांची रेल्वे मात्र डोंगराळ मुलखातली, कर्जात बुडालेली, कशीबशी चालणारी अशी कल्पिलेली होती. तिचे डबे खरचटलेले होते. शेडची छपरं बसकी होती. पुलांची लाकडं पावसानं करडी पडली होती.

पहिली रेल्वे अगदीच छोटी होती, साधारण साडेतीन फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब. म्हणजे आपल्या घरच्या एका पलंगाएवढी. माप १ ला ८७. या मापात सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरांचा होतो, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या गाडीचा बावीस-एक मीटरांचा डबा या मापात करायचा तर तो जेमतेम २५ सेंटीमीटर भरेल.

या मापात त्यांनी केलेल्या एका इंजिन शेडला 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकन मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. त्या शेडचा थाट खऱ्या शेडचा होता. आतली हत्यारं, पसारा, सगळं जिथल्या तिथं. छप्पर बाजूला करून आत डोकावलं, तरी काम चालू असल्यासारखं वाटावं.

डाग पडला कुठून?

वस्तू ऊनपावसानं झिजल्यासारखी दिसावी म्हणून हातानं जे काम करायचं, त्याला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. आज रेल्वेची मॉडेलं करणारा नवशिकाही ते करतो. पण हे रूढ करणाऱ्या पहिल्या माणसांत ॲलन यांचं नाव येतं. त्याआधी मेहनतीनं केलेलं नवं मॉडेल घाण करायचं, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. महिनाभर खपून केलेल्या इंजिनावर काजळी फासायची? घरच्या मंडळींनी वेड्यातच काढलं असतं!

हे काम वरून वाटतं तितकं सोपं नाही. नुसता काळा रंग फासला तर वस्तू जुनी दिसत नाही, घाणेरडी दिसते. या कामाचा सगळा भर एकाच प्रश्नावर असतो : हा डाग इथं पडला कुठून?

पाणी वरून खाली जातं, म्हणून गंजाचा ओघळ खिळ्यापासून खाली उतरला पाहिजे, आडवा नाही. काजळी धुरांड्यातून येते, म्हणून ती इंजिनाच्या माथ्यावर आणि शेडच्या छपरावर साठते. चिखल चाकांनी उडतो, म्हणून तो डब्याच्या खालच्या अंगाला. पाण्याची टाकी गळत असेल तर खाली क्षाराचा पांढरा पट्टा पडणार आणि बुडाशी शेवाळ धरणार. छपराच्या कडेला कबुतरं बसत असतील तर त्यांच्या विष्ठेचे ठिपके दिसणारच. लाकूड नुसतं तपकिरी ठेवून चालत नाही. उन्हापावसात पडलेलं जुनं लाकूड करडं होतं. आपल्या गावाकडच्या जुन्या वाड्याचा न रंगवलेला दरवाजा आठवून बघा.

साहित्य साधंच असतं. पातळ केलेली शाई लाकडाच्या रेषांमध्ये आपोआप शिरते. रंगीत खडूची पूड कोरड्या कुंचल्यानं घासली की धूळ बसल्यासारखी दिसते. कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकायचा आणि मग तो उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा झिजल्यासारख्या होतात. मूळ रंगही खऱ्यापेक्षा थोडा फिका घ्यावा लागतो, कारण लांबून दिसणारी वस्तू कधी भडक दिसत नाही. आणि मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली वस्तूच.

हे सगळं करायचं तर खरी वस्तू निरखावी लागते. मोडकी शेड, सोडून दिलेली साइडिंग, गंजलेला डबा. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, तेच बघायचं.

जमिनीपासून छतापर्यंत

१९५३ च्या सुमारास ॲलन माँटेरेतच एका नव्या घरात राहायला गेले. घर घेताना त्यांचं लक्ष तळघरावर होतं. तिथं त्यांनी तिसरी आणि शेवटची रेल्वे उभारायला घेतली. पलंगाएवढी ती पहिली रेल्वे मोडली नाही, या मोठ्या रेल्वेच्या पोटात एका कोपऱ्यात बसवून टाकली.

तोवर अशी मॉडेलं टेबलावर असायची. माणूस वरून खाली बघायचा, विमानातून बघावं तसा. ॲलन यांनी डोंगर थेट जमिनीपासून छतापर्यंत नेले. आत शिरलेल्या माणसाच्या पायाशी दरी, छातीशी पूल आणि डोक्यावर कडा. मधल्या वाटेनं चालताना तो स्वतःच त्या मुलखात शिरल्यासारखा व्हायचा. दूधसागरच्या पुलावरून गाडी जाताना खाली आणि वर एकदम बघायची जी धडपड आपण करतो, तशीच काहीशी तिथं होत असणार.

जागा शेवटी तळघराएवढीच होती. ती मोठी दिसावी म्हणून त्यांनी दोन युक्त्या वापरल्या. एक म्हणजे मागची वस्तू पुढच्यापेक्षा लहान मापात करायची. पुढचं घर ८७ पट लहान असेल तर मागचं त्याहून लहान, डोंगरावरचं तर काड्यापेटीएवढं. डोळा फसतो आणि हातभरावरचा डोंगर कोसभर लांब वाटतो. दुसरी युक्ती आरशांची. पुलाखाली, झाडीआड, इमारतींच्या मधे आरसा असा बसवायचा की रस्ता पुढे तसाच गेल्यासारखा दिसतो. मात्र बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा त्यात दिसता कामा नये. तो दिसला की खेळ संपला.

या सगळ्यात विनोदाला सुट्टी नव्हती. रुळांलगतच्या वस्त्यांमधून नखाएवढी माणसं नाना उद्योग करताना दिसायची. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला इंजिनाऐवजी चक्क एक डायनासोर होता! पाठीवर पट्ट्या असलेला स्टेगोसॉरस. त्याचं नाव एम्मा. एवढा खरा मुलूख उभा करणारा माणूस त्यात डायनासोर जुंपतो, हे काही गंभीर मंडळींच्या पचनी पडलं नाही. पण आपलं काम खरं दिसण्याइतका हात बसला होता, म्हणूनच ही थट्टा त्यांना परवडली.

याच वर्षांत बाहेरच्या खऱ्या रेल्वेवर वाफेची इंजिनं भंगारात निघत होती. १९६० पर्यंत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून ती जवळजवळ नाहीशी झाली आणि सगळीकडे डिझेल आलं. ॲलन यांच्या तळघरात मात्र वाफेचंच राज्य राहिलं.

घड्याळ पळवणारी संध्याकाळ

ॲलन एकटे राहायचे, पण एकलकोंडे नव्हते. ठरलेल्या संध्याकाळी मित्रमंडळी जमायची आणि रेल्वे 'चालवायला' घ्यायची. चालवायला म्हणजे गाडी गोल गोल फिरवायला नाही. वेळापत्रक असायचं. कोणाकडे मालगाडी, कोणाकडे पॅसेंजर, कोणाकडे यार्ड. कुठला डबा कुठल्या स्टेशनला सोडायचा, हे डब्यावर ठेवलेल्या छोट्या खुणेच्या पट्टीवरून कळायचं.

अंतरं छोटी, मग तासाभराचा प्रवास मिनिटात संपणार. त्यासाठी घड्याळच वेगानं पळवलेलं होतं. त्या घड्याळाच्या हिशेबानं गाडी लेट झाली की पुढच्या सगळ्यांची पंचाईत! मिरज किंवा लोंढा जंक्शनवर क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्यांना हा मामला वेगळा समजावून सांगायला नको.

यातूनच त्यांनी एक कोडं तयार केलं आणि १९७२ मध्ये ते मासिकातून सगळ्यांपुढे ठेवलं. नाव 'टाइमसेव्हर'. एका फळीवर थोडे रूळ, पाच सांधे, एक इंजिन आणि मोजके डबे. प्रत्येक डबा त्याच्या ठरलेल्या जागी कमीत कमी वेळात नेऊन लावायचा. बघताना सोपं दिसतं, करायला घेतलं की घाम फुटतो. ही फळी उचलून कुठंही नेता येते, त्यामुळे प्रदर्शनांमधून तिच्यावर शर्यती लागायला लागल्या.

दाखवल्याशिवाय काय उपयोग?

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. ही रेल्वे हलवता येण्यासारखी नव्हती. ती भिंतींना, जमिनीला धरून उभी होती. मग माँटेरेच्या बाहेर कोणाला ती दिसली कशी?

इथं जुना धंदा कामी आला. ॲलन फोटो काढायचे. अगदी जवळून फोटो काढला की पुढचं स्पष्ट दिसतं आणि मागचं धूसर होतं, आणि त्यावरून ते खेळणं आहे हे लगेच कळतं. म्हणून ते भिंगाचं छिद्र सुईच्या टोकाएवढं बारीक करायचे आणि प्रकाश बराच वेळ आत येऊ द्यायचे. मग पुढच्या रुळापासून मागच्या शिखरापर्यंत सगळं सारखंच स्पष्ट. व्हार्नी या मॉडेल कंपनीच्या जाहिरातींमध्ये हे फोटो छापून यायचे. मासिक उघडलं की समोर ते पूल, ते डोंगर. कितीतरी लोकांनी हे खेळणं नव्हे, असं समजून पान दोनदा बघितलं असेल.

फोटोंबरोबर त्यांनी लेख लिहिले, १९४० च्या दशकापासून. हे कसं केलं, ते कशानं रंगवलं, इथं काय फसलं. कारागीर मंडळी पुष्कळदा हातचं राखून शिकवतात. ॲलन यांनी मात्र आपली विद्या छापून मोकळी केली. घरी बघायला आलेल्यांनाही रेल्वे मोकळी होती.

दहा दिवस

लहानपणी तापानं दुखावलेलं हृदय अखेर ६ जानेवारी १९७३ ला थांबलं. ॲलन तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. रेल्वेचं काम तोवर चालूच होतं. वीस वर्षं झाली तरी कुठं ना कुठं काहीतरी करायचं बाकी होतंच.

मित्रांपुढे प्रश्न उभा राहिला. घर आता कोणाचं होईल? रेल्वे हलवायची तर तोडावी लागणार. राखायची तर कोणी आणि कशी? हा प्रश्न सुटायच्या आतच १९७३ च्या १६ जानेवारीला घरातल्या हीटिंगच्या यंत्रणेतून आग लागली. आतले डोंगर लाकडाच्या सांगाड्यांवर उभे होते. झाडं, पूल, घरं, सगळं पेट घेणारं. राखेतून थोडेफार डबे आणि इंजिनं काळवंडलेल्या अवस्थेत हाती लागली, बाकी रेल्वे गेली.

ज्यांनी तिथं संध्याकाळी घालवल्या होत्या, त्यांच्यावर दहा दिवसांत दोन घाव पडले. पहिला माणूस गेल्याचा. दुसरा, त्या माणसाच्या हाताचं काम गेल्याचा. पहिल्या दुःखात आधार म्हणून ज्याच्याकडे बघायचं, तेच जळून गेलं.

मग उरलं काय?

'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी ॲलन यांचे फोटो आणि लेख हाताशी धरून मोठं पुस्तक तयार केलं. ते १९८१ मध्ये आलं. वेस्टकॉट स्वतः आदल्या वर्षीच वारले होते. आज कोणाला ती रेल्वे बघायची असेल तर ती या फोटोंमध्येच बघावी लागते.

दुसरं जे उरलं ते लोकांच्या हातात आहे. आज जगात कुठंही प्रदर्शनात गेलात आणि मॉडेलच्या डब्यावर गंजाचा बारीक ओघळ दिसला, जमिनीपासून चढत गेलेला डोंगर दिसला, पळतं घड्याळ दिसलं, तर त्यामागे थोडातरी माँटेरेच्या तळघराचा हात आहे. त्यांच्या त्या इंजिन शेडचा पुढे कीटही निघाला आणि लोकांनी तो आपापल्या घरी जोडला. टाइमसेव्हरच्या फळ्या अजून टेबलावर मांडल्या जातात. आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. सुट्टीत मुलांना घेऊन तिथं गेलेले वाचक बरेच असतील. पुन्हा गेलात तर नुसत्या गाड्या बघू नका, भिंतींचे आणि छपरांचे रंगही बघा.

ॲलन यांनी विद्या स्वतःजवळ दडवून ठेवली असती तर आगीत तीही गेली असती. त्यांनी ती आधीच वाटून टाकली होती. राखण्याच्या नादात आपण पुष्कळदा उलट करतो. सुतारकी असो, मूर्तिकाम असो की आजीच्या हातची एखादी भाजी, शिकवायचं राहून जातं आणि मग माणसाबरोबर सगळंच जातं.

तेव्हा यंदा दिवाळीत अंगणात किल्ला झाला, की मुलांना एवढं सांगा. बुरुजाला रंग लावून झाला की थांबू नका. पावसाचं पाणी कुठून ओघळेल, शेवाळ कुठल्या अंगाला धरेल, तोफेचा धूर कुठं बसेल, ते आधी विचारात घ्या. मग राख कालवा. आणि हे कसं करायचं, ते शेजारच्या धाकट्या पोरालाही शिकवा. किल्ला तर तुळशीच्या लग्नापर्यंत मोडणारच आहे.